हौद्यावर कव्हर : आधी ओलीचा विचार करा

जुन्या पिकअपचा लाकडी फळ्यांचा हौदा, म्हणजे मागचा माल ठेवायचा भाग, नव्याने पॉलिश केलाय, तो ऊन-पावसापासून वाचवायला कव्हर घ्यावं का, हा तुमचा प्रश्न. कव्हरने मायलेज वाढतं, असंही काहीजण सांगतात. त्यासाठी मुळीच घेऊ नका, फरक पडला तरी नगण्य असतो.

माझ्या मते खरा प्रश्न ओलीचा आहे. १९५५-५९ च्या शेवरले पिकअपसारख्या गाड्यांत फळ्या लोखंडी पट्ट्यांनी धरलेल्या असतात. उघड्या हौद्यात पाणी फटींतून खाली जातं आणि वाऱ्याने लाकूड सुकतं. कव्हरने ऊन नक्की अडतं, पण पाणी पूर्ण अडत नाही. फाळक्याच्या बाजूने थोडं शिरतंच आणि वाऱ्याअभावी आतच मुरतं. लाकूड कुजायला आणि पट्ट्या गंजायला एवढं पुरतं.

म्हणून गाडी बाहेर उभी राहत असेल तर गुंडाळता येणारं व्हिनाइलचं कव्हर घ्या आणि पाऊस थांबला की उघडून ठेवा. गाडी शेडमध्ये असते? मग मी तरी घेणार नाही. इतक्या मेहनतीने केलेलं लाकूड झाकून का ठेवायचं!

एक कळकळीने सांगतो, कव्हर अडकवायची बटणं बसवायला हौद्याच्या कडेच्या पत्र्याला भोकं पाडू देऊ नका, गंज तिथूनच सुरू होतो. क्लॅम्पवर बसणारी चौकट मिळते, तिच्याखाली रबराची पट्टी द्या. आणि मापं घेताना हौद्याचे दोन्ही कर्ण मोजा. जुने हौदे बरेचदा काटकोनात नसतात; मग तयार कव्हर एका कोपऱ्यात ताणतं, दुसऱ्यात सुरकुततं. व्हिनाइल थंडीत आकसतं, तेव्हा उबदार दिवशीच बसवा.