माहिती अधिकार: आधी नस्ती (कार्यालयातली फाइल) पाहा, मग प्रती मागा. पटतंय का?

तळमजला
माहिती अधिकाराचे बरेच अर्ज एका शब्दावर आपटतात: "सर्व". "सदर कामाच्या सर्व कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात" असं लिहिलं की जन माहिती अधिकाऱ्याला, म्हणजे अर्जाला उत्तर देणाऱ्याला, दोन सोप्या वाटा मिळतात. एक, "माहिती व्यापक स्वरूपाची आहे" हे ठरलेलं उत्तर. दुसरी, ६४० पानांचे दोन रुपयांप्रमाणे १,२८० भरा. तेही पत्र ३० दिवसांच्या मुदतीतल्या २९व्या दिवशी. ते निघाल्यापासून आपण पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, म्हणजे उशीर झाला हेही म्हणता येत नाही.

म्हणून राज्य सरकार, महापालिका, जिल्हा परिषद यांच्याकडे पहिली मागणी अभिलेख पाहणीची, म्हणजे कार्यालयात बसून कागद पाहण्याची करावी. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(जे) मध्ये पाहणी, टिपणं काढणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंही येतं. महाराष्ट्राच्या नियमांत पहिला तास फुकट, पुढे दर पंधरा मिनिटांना पाच रुपये. दोन तास बसलात तर वीस रुपये.

रस्त्याच्या कामाची नस्ती घ्या. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, चाचणी अहवाल, देयके. मोजमाप पुस्तिकेत थराची लांबी, रुंदी, जाडी, मोजणीची तारीख आणि सही असते. कार्यारंभ आदेशाच्या आधीची मोजणी, किंवा चाचणी अहवाल यायच्या आत निघालेलं देयक, हे पानं उलटताना नजरेला पडतं. घरी बसून कोणतं पान मागायचं हे कळणार कसं? पाहून झालं की नेमकी पंचवीस पानं मागा, पन्नास रुपयांत काम.

पोचपावती
साफ अमान्य. पाहणी म्हणजे कागद सोडून तोंडी व्यवहारात शिरणं. "ती पुस्तिका ऑडिटला गेलीय, पुढच्या आठवड्यात या" असं गोड बोलून घालवलं तर अपिलात दाखवणार काय? प्रतींच्या अर्जाचा हिशेब सरळ असतो. ३० दिवसांत उत्तर नाही तर तो नकारच समजला जातो. पुढे दिलेली माहिती कलम ७(६) प्रमाणे फुकट. पुढच्या ३० दिवसांत वीस रुपयांच्या कोर्ट फी स्टँपसह जोडपत्र 'ब' या ठरलेल्या नमुन्यात पहिलं अपील, ते ३० आणि फार तर ४५ दिवसांत निकाली निघायला हवं, नाहीतर ९० दिवसांच्या आत माहिती आयोगाकडे.

शिवाय मजुरी बुडवून तालुक्याला कोण जाणार? आणि ज्याच्या कामाची नस्ती त्याची माणसं त्याच कार्यालयात उठबस करतात. तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. समोर जाऊन बसा हा सल्ला देताना हे विसरू नये.

तळमजला
मुदत पाहणीलाही तीच आहे, कारण कायद्याच्या लेखी पाहणी हाच माहिती मिळवण्याचा एक प्रकार. पुराव्याचं म्हणाल तर तो तयार करावा लागतो. उठण्याआधी एका कागदावर लिहा: तारीख, वेळ, कोणत्या नस्त्या दाखवल्या, पृष्ठ क्रमांक कुठून कुठपर्यंत, कोणता कागद मागूनही दाखवला नाही आणि कारण काय सांगितलं. एक प्रत आवक शाखेत देऊन दुसरीवर शिक्का घ्या. शिक्का नाकारला तर त्याच दिवशी स्पीड पोस्ट. पानांवर क्रमांकच नसतील तर तेही लिहा, नंतर पान घुसवणं किंवा काढणं अवघड होतं. हा कागद अपिलाला जोडला की "ऑडिटला गेलीय" हे वाक्य त्यांनाच सिद्ध करावं लागतं. नकार योग्य होता हे दाखवायची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे अधिकाऱ्यावर आहे.

भीतीचं मान्य. पण नाव-पत्ता अर्जावरही असतोच. पोस्ट बॉक्स क्रमांक दिला तरी चालावं असं कोलकाता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलंय. धोका खरा असेल तर पाहणीला जाऊ नका, एवढा अपवाद ठेवतो.

टिपणी_पान_३
टेबलाच्या पलीकडची बाजूही ऐका. राज्याच्या नियमांत २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द आहेत. लोक पाच कामं, दहा वर्षं आणि "असे का केले?" एकाच अर्जात कोंबतात. 'का' चं उत्तर तयार करून देणं बंधनकारक नाही, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच ते सांगितलंय. 'का' ऐवजी त्या निर्णयाच्या टिपणीची (नस्तीत लिहिलेल्या शेऱ्याची) प्रत मागा, मिळेल.

पाहणीतली खरी अडचण वेगळीच आहे. नस्तीत मजुरांची बँक खाती, आधार क्रमांक असतात. प्रत द्यायची तर कलम १० प्रमाणे तेवढा भाग काळा करून देता येतो. उघडी नस्ती समोर ठेवली तर झाकणार कसं? त्यात कलम ८(१)(जे) नोव्हेंबर २०२५ पासून डेटा संरक्षण कायद्याने बदललं, वैयक्तिक माहिती म्हटली की ती न देण्याची सरसकट सूट. कारकून आता नस्ती पुढे करायला कचरतो.

पोचपावती
हेच म्हणतोय! पाहणी मागितली की एका आधार क्रमांकासाठी अख्खी नस्ती बंद. प्रत मागितली तर काळी पट्टी मारून का होईना, हातात येते. आणि १५० शब्द "सर्वसाधारणपणे" आहेत. शब्द मोजून अर्ज परत करायचा नाही, विषय जास्त असतील तर पहिल्या विषयाचं उत्तर द्यायचंच.

तळमजला
ती पानं बाजूला काढून बाकीची नस्ती दाखवा, किती काढली ते लिहून द्या. कलम १० पाहणीला लागू नाही असं कायद्यात कुठे लिहिलंय? आणि ८(२) शाबूत आहे, व्यापक लोकहित असेल तर सूट असूनही माहिती देता येते. ठेकेदाराला दिलेलं देयक वैयक्तिक म्हणणाऱ्याने तसं लेखी द्यावं.

वेशीवरचा
दोघांनी महत्त्वाचं सोडलं. एकाच अर्जात दोन्ही लिहा: "या कामाच्या नस्तीची पाहणी करायची आहे, पाहणीवेळी निवडलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात, पाहणी शक्य नसल्यास मोजमाप पुस्तिका व अंतिम देयकाच्या प्रती द्याव्यात." विषय एकच, शब्द तिशीच्या आत. जिल्हा पातळीवर आणि महापालिकांत २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार सोमवारी ३ ते ५ पाहणी ठेवायची आहे, तिथे आधी चौकशी करावी. केंद्राच्या कार्यालयाला मात्र अर्जाच्या फीसाठी कोर्ट फी स्टँप लावू नका, तिथे दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर चालते.

पोचपावती
"शक्य नसल्यास" लिहिलंत की अधिकारी अशक्यच म्हणणार. "शक्य नसल्यास त्याचे कारण व कलम लेखी नमूद करून" असं घाला, मग माझी हरकत निम्मी उरते.