मॉलमध्ये बेअरिंग मिळतं का? (मुंबईतले मॉल वि. जुन्या बाजारपेठा)

कांदेवाडीकर

मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत सुरू झाली. तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच पालुपद: आता काळबादेवी, लोहार चाळ, क्रॉफर्ड मार्केट सगळं पाडणार आणि तिथे चकाचक मॉल उभे राहणार. काहींना याचा आनंद आहे, काहींना दुःख. माझं म्हणणं, दोघंही उगाच दमतायत. मॉल या बाजारांना मारू शकत नाही, कारण मॉल आणि बाजार एकच धंदा करतच नाहीत.

हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स उघडला १९९९ साली. सुरुवातीला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर प्रवेश फी भरा, असा नियम होता, आठवतंय? तेव्हाही लोक म्हणालेच होते की दुकानांचे दिवस भरले. पुढे त्या मॉलचं नाव बदललं, मालक बदलले, शेवटी तो बंदही झाला. लोहार चाळीत मात्र आजही दिव्यांची झुंबरं लटकतायत आणि अब्दुल रेहमान स्ट्रीटवर वह्यांचे गठ्ठे उतरतायत.

मॉलमध्ये काय मिळतं? कपडे, बूट, अत्तर, कॉफी, सिनेमा. म्हणजे जे कुठेही मिळतं ते. मध्यंतरी आमचं वॉशिंग मशीन विमान उडाल्यासारखं ओरडायला लागलं. कंपनीचा माणूस म्हणाला, अख्खा ड्रम बदलावा लागेल, आणि आकडा असा सांगितला की नवीनच घ्यावं. गल्लीतल्या मिस्त्रीने खोललं, जुनं बेअरिंग हातावर ठेवलं आणि नागदेवीला, मशीनच्या सुट्या भागांच्या बाजारात, पिटाळलं. तिथल्या शेठनी चष्मा वर करून नंबर वाचला, ६२०५, आणि विचारलं, "झेड-झेड देऊ की टू-आर-एस?" माझा चेहरा बघून त्यांनीच उत्तर दिलं: मशीनमध्ये पाणी लागतं, रबरी सील असलेलं टू-आर-एसच न्या, पत्र्याचं झेड-झेड घेतलंत तर पुढच्या वर्षी परत याल. सोबतचं ऑइल सीलही बदला म्हणाले. नवीन बेअरिंग कानाशी धरून फिरवून दाखवलं. हे सगळं पाच मिनिटांत, आणि पैसे इतके थोडे की रिक्षाचा खर्च जास्त झाला.

हे ज्ञान कुठल्या फूड कोर्टात मिळतं ते सांगा. मग बोलू.

कल्याण धीमी

छान लिहिलंत काका. आता माझं ऐका. मी सोमवार ते शनिवार नोकरी करते. मला मिळतो रविवार, आणि रविवारी तुमचं नागदेवी बंद, मंगळदासचं कापड मार्केट बंद, लोहार चाळ बंद. शनिवारी अर्धी रजा टाकून मस्जिद स्टेशनला उतरले तर पुलावरच दम निघतो. हातगाडीवाला "बाजू बाजू" करत अंगावर येतो, पाठीवर गठ्ठा घेतलेला हमाल दुसऱ्या बाजूने. सोबत सासूबाई असल्या तर सांगायलाच नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे पुरुषमंडळी कधी लिहीत नाहीत: चार तास खरेदी करायची तर बाईने जायचं कुठे? बायकांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्या मागणाऱ्या राइट टू पी चळवळीतल्या बायकांनी २०११ पासून याच शहरात ओरडून ओरडून घसा कोरडा केला, तरी आजही मंगळदासला जायचं म्हटलं की मी सकाळपासून पाणी पीत नाही. मॉलमध्ये मी खरेदीला नाही, पुष्कळदा फक्त माणसासारखं वागवलं जाण्यासाठी जाते. एसी, लिफ्ट, बसायला बाक, स्वच्छ टॉयलेट. भाव लिहिलेला. "बोहनीचा टाइम आहे, मूड खराब करू नका" असं कोणी ऐकवत नाही.

तुमचं बेअरिंग वर्षातून एकदा. माझी मुलीच्या शाळेची खरेदी, घरचे कपडे, किराणा दर महिन्याला. मग मुंबईची "खरी खरेदी" कोणाची, तुमची की माझी?

कांदेवाडीकर

टॉयलेट नसणं हा महापालिकेचा दोष आहे, बाजाराचा नाही.

कल्याण धीमी

हो, आणि मॉलचा एसी हा सूर्याचा गुण आहे. काहीही.

भाडेकरार

मॉलमध्ये गाळे भाड्याने देण्याच्या धंद्यात होतो, म्हणून आतली गोष्ट सांगतो. मॉलमध्ये बेअरिंगचं दुकान का नाही, याचं उत्तर भाडेकरारात आहे.

मॉलचं भाडं साधारण दोन पायांवर चालतं. एक ठरावीक किमान रक्कम, आणि विक्रीचा टक्का. दोन्हींत जे जास्त ते द्यायचं. वर देखभालीचा खर्च वेगळा: ते बाक, ती लिफ्ट, ते टॉयलेट, ताई, त्याचे पैसे कुणीतरी चौरस फुटाला भरतंच. हा बोजा ज्याचा नफा जाड आणि माल पटापट फिरतो त्यालाच झेपतो. नागदेवीतल्या दुकानात कितीतरी नंबरांचा माल असतो आणि त्यातला बराचसा महिनोन्महिने फळीवर पडून असतो. तेच त्याचं बळ. तुमचा अडलेला नंबर त्याच्याकडे असणार, म्हणून तर तुम्ही जाता. पण पडून राहणाऱ्या मालाला मॉलचं भाडं देता येत नाही. शिवाय मॉलवाला एका मजल्यावर एकाच मालाची वीस दुकानं कधी बसवणार नाही. बाजार मात्र वीस दुकानं शेजारी असल्यामुळेच बाजार होतो: एकाकडे नसेल तर तो पोऱ्याला पाठवून शेजारून आणून देतो.

इथवर काका, मी तुमच्या बाजूने. पण तुम्ही एक गोष्ट गाळलीत. ते दुकान त्या जागेत परवडतं ते शेठच्या ज्ञानामुळे नाही, पागडीमुळे, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे मोजून पिढ्यानपिढ्या नाममात्र भाड्याने धरलेल्या गाळ्यामुळे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठवली, आणि १९९९ च्या नव्या कायद्यानेही त्या भाडेकरूंना मोठा धक्का लावला नाही. कित्येक दुकानांचं महिन्याचं भाडं तुमच्या दोन कॉफ्यांपेक्षा कमी आहे. गंमत म्हणजे त्याच १९९९ च्या कायद्याने बँका, सरकारी महामंडळं आणि एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना या संरक्षणातून बाहेर काढलं. म्हणजे मोठ्या ब्रँडला गोठलेलं भाडं मिळूच शकत नाही, आणि शेठ बाजारभावाने भाडं भरू शकत नाही. दोघं दोन वेगळ्या मुंबईत राहतात, ती या कायद्यामुळे. यात बाजाराची थोरवी वगैरे शोधू नका.

आणि फुकटचं भाडं फुकट नसतं. मालकाला काही मिळत नाही म्हणून तो इमारतीला हात लावत नाही. पाकमोडिया स्ट्रीटची हुसैनी इमारत २०१७ मध्ये कोसळली, तीसच्या वर माणसं गेली. जुन्या बाजारांच्या डोक्यावर लोक राहतात हे विसरून चालणार नाही.

तिरफळ

भाडेकरार यांनी कायदा आणला म्हणून मीही एक आणते. लालबागची आहे, वडील गिरणीत होते. तुम्ही सगळे मॉल आणि बाजार असे बोलताय जणू दोन्ही आपापले आकाशातून पडले.

लोअर परळचा मॉल गिरणीत आहे. फिनिक्स मिल. जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला आणि आमच्याकडची कित्येक घरं त्यातून परत उठलीच नाहीत. १९९१ च्या विकास नियमावलीत कलम ५८ आलं: गिरणीची जमीन विकसित करायची तर एक वाटा मोकळ्या जागेला, एक वाटा म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल करून हिशेब फक्त रिकाम्या जमिनीवर आणला. ज्या जमिनीवर शेड उभ्या होत्या ती वाटणीतून सुटली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेही ग्राह्य धरलं. त्यामुळे "मॉलला पूर्ण भाडं भरावं लागतं, बाजार फुकटात बसलाय" हे मला सांगू नका. सवलत दोघांनाही मिळाली. एकाला १९४७ ला, एकाला २००१ ला. फक्त दुसऱ्याला सवलत म्हणत नाहीत, विकास म्हणतात.

बाकी आमच्या मिरची गल्लीबद्दल. मार्च-एप्रिलमध्ये या एकदा. बायका यादी घेऊन येतात: बेडगी एवढी रंगाला, संकेश्वरी एवढी तिखटाला, दगडफूल, नागकेशर, तिरफळ. मालवणी मसाल्याची यादी वेगळी, घाटीची वेगळी, आणि दुकानदार गाव विचारून प्रमाण सांगतो. कढईत भाजून घ्यायचं, मग डंकावर कुटायला. कुटताना तिथून हलायचं नाही, कारण आधीच्या बाईचा मसाला डंकात उरलेला असतो आणि तो तुमच्यात यायला नको. डोळ्यांतून पाणी, नाकाला पदर, आणि तरी नजर डंकावर. हे पागडीवर चालतं हे खरं असेल. पण पागडी असलेल्या सगळ्या गल्ल्यांत मिरची गल्ली तयार झाली नाही ना? आसपास गिरणगावातली कोकणातली, घाटावरची हजारो घरं होती म्हणून ती झाली. ती घरं वसई-विरार, बदलापूरला गेली तरी बायका अजून मसाल्याला इथेच येतात. किती वर्षं येतील माहीत नाही. माझी सून तयार पाकीट आणते.

सेक्टर सतरा

भावना बाजूला ठेवा. ही घाऊक बाजारपेठ शहराच्या पोटात असायलाच नको. मस्जिद बंदरचा धान्य-मसाल्याचा आणि भायखळा-क्रॉफर्डचा भाजी-फळांचा घाऊक व्यापार ऐंशी-नव्वदच्या दशकात वाशी-तुर्भ्याला हलवला, तेव्हाही "व्यापार मरेल" अशी बोंब होती. मेला का? उलट ट्रक आत आले, गोदामं झाली. तसंच कापड, हार्डवेअर, केमिकल हलवा. त्या बोळांत आग लागली तर बंब शिरत नाही. मॉलमध्ये निदान स्प्रिंकलर, जिने, बाहेर पडायच्या खुणा असतात.

तिरफळ

मॉलमध्ये आग लागत नाही? मुंबई सेंट्रलचा सिटी सेंटर, ऑक्टोबर २०२०. विझवायला ५६ तास लागले. भांडुपचा ड्रीम्स मॉल, मार्च २०२१, वर कोविड रुग्णालय होतं, रुग्ण गेले.

भाडेकरार

ताई, तुमचं उदाहरण फार चांगलं आहे, पण वेगळ्या कारणासाठी. सिटी सेंटर म्हणजे मोबाइल आणि त्याच्या सुट्या भागांच्या दुकानांनी खच्चून भरलेला. म्हणजे इमारत मॉलची आणि आत लॅमिंग्टन रोडसारखा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. ज्या मॉलचे गाळे एकेक करून गुंतवणूकदारांना विकले जातात तिथे कुणाला काय विकायचं हे ठरवणारा एक मालक राहत नाही. मग दोनच गोष्टी होतात. एकतर शटर खाली आणि वटवाघळं, किंवा एखादा धंदा आपणहून गोळा होतो आणि बाजार बनतो. बोरिवलीपासून ठाण्यापर्यंत पहिल्या प्रकारचे पुष्कळ दाखवीन.

बेअरिंगवाला

इतका वेळ वाचतोय. घरचं दुकान त्याच पट्ट्यात, आजोबांपासून. म्हणून दोन शब्द, मग भांडा.

मॉलने आमचं एक गिऱ्हाईक नेलेलं नाही. आमचं गिऱ्हाईक म्हणजे काका नव्हेत, माफ करा. काकांसारखे महिन्यातून चार जण येतात, ते पाच मिनिटं खातात आणि एक नग नेतात. आमचा धंदा भिवंडी, वसई, तारापूरच्या कारखान्यांवर. तिथला मेंटेनन्सवाला फोन करतो, माल संध्याकाळच्या टेम्पोत, पैसे ४५-६० दिवसांनी. हा उधारीचा धागा म्हणजे बाजार. वाशीला हलवलं तरी तो धागा तुटणार नाही, सेक्टर सतरा बरोबर बोलले, पण सगळे एकत्र हलले तरच. अर्धे गेले आणि अर्धे राहिले तर दोन्हीकडचे मेले. म्हणून कोणीच पहिला हलत नाही.

आम्हाला खाल्लं ते ऑनलाइनने. तरुण इंजिनियर येतो, माझ्या वडिलांकडून सील कुठलं लागेल ते समजून घेतो, डब्यावरच्या नंबराचा फोटो काढतो आणि "सांगतो" म्हणून जातो. कुठे सांगतो ते तुम्हाला कळलंच. वरून नकली मालाचा सुळसुळाट, खोका हुबेहूब कंपनीचा. वडील खोका बघतच नाहीत, बेअरिंगवरची कोरीव अक्षरं नखाने चाचपतात.

पागडीचं म्हणाल तर भाडं कमी हे मान्य. पण आजोबांनी पागडी मोजली होती, फुकट नाही मिळालं. आणि आज गाळा दुसऱ्याच्या नावावर करायचा तर मालक एक तृतीयांशाच्या आसपास कापून घेतो. हेही लिहा.

कल्याण धीमी

बेअरिंगवाले भाऊ, तुम्ही म्हणता काकांसारखं गिऱ्हाईक नकोच. मग किरकोळ गिऱ्हाइकाने बाजारावर प्रेम का करायचं? आम्ही मंगळदासला "होलसेल ओन्ली, मॅडम" ऐकून परत यायचं आणि वर बाजार वाचवायचा?

बेअरिंगवाला

नको असं नाही म्हटलं ताई. पोट त्यावर नाही, एवढंच. वडील तरी काकांना पाच मिनिटं देतात, कारण त्यांना ते आवडतं. मी असतो तर नंबर विचारला असता आणि पिशवीत टाकून दिलं असतं.

कांदेवाडीकर

म्हणजे सगळा मुद्दा तुमच्या वडिलांवर येऊन थांबला.

भाडेकरार

वडिलांवर नाही, काका, पुनर्विकासाच्या करारावर. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवर काम चालू आहे, जुन्या दुकानदारांना नव्या इमारतींत गाळे. तिथे गाळा मालकीचा होतो. मालकी आली की देखभालीचं बिल येतं, कर येतो, आणि बँक, मोबाइल कंपनी, कपड्यांचा ब्रँड असे लोक दुप्पट भाडं घेऊन दारात येतात. कायद्याने आजवर बाहेर ठेवलेले नेमके तेच. शंभर दुकानांपैकी चाळीसांनी हो म्हटलं की उरलेल्या साठांच्या शेजारी पोऱ्याला पाठवायला दुकानच उरत नाही. लोहार चाळीत, नागदेवीत इमारती पाडायच्या वेळी करारात एक ओळ घालता येते: अमुक वर्षं गाळ्यातला धंदा हाच. पण दुकानदारच ती ओळ घालू देत नाहीत, कारण प्रत्येकाला आपला गाळा सगळ्यात महाग विकायचा असतो आणि बाजार शेजाऱ्याने टिकवायचा असतो.

बेअरिंगवाला

आमच्या इमारतीची मीटिंग पुढच्या महिन्यात आहे. अशी ओळ कुणी मांडली तर मी सही करीन का, हे मला आज विचारू नका.

कल्याण धीमी

मांडाल तेव्हा तळमजल्यावर दोन टॉयलेट पण मांडा. त्यावर तरी सगळ्यांच्या सह्या व्हायला हरकत नसावी.