'मिक्स्ड रिअ‍ॅलिटी'ला पाटीवर काय लिहू?

पाटीवाला:
एका संग्रहालयातल्या दालनासाठी मराठी मजकूर लिहून देतोय. भिंतीवरच्या चित्रांसमोर फोन धरायचा, त्यातला प्राणी चालायला लागला की टिपायचा; टिपला की त्याची माहिती उघडते. इंग्रजी पाटीवर 'मिक्स्ड रिअ‍ॅलिटी' आहे. मी 'मिश्र वास्तव' लिहिलं. आई म्हणाली, "मिश्र डाळ ऐकली होती, हे काय नवीन?"

रज्जुसर्प:
'आभासी वास्तव' रुळलंय, म्हणून 'मिश्र वास्तव' ओघानेच आलं. मिलग्रॅम आणि किशिनो या संशोधकांनी १९९४ साली एक पट्टी कल्पिली: एका टोकाला खरं जग, दुसऱ्या टोकाला पूर्ण आभासी. मधलं सगळं मिक्स्ड. 'ऑगमेंटेड', म्हणजे खऱ्या दृश्यावर आभासी गोष्टी चढवणं, त्या मधल्या भागातच मोडतं, त्यामुळे तुमच्या खेळाला 'संवर्धित वास्तव' जास्त नेमकं.
मला विचाराल तर वेदान्तातला 'अध्यारोप' घ्या. दोरी खरी, साप तिच्यावर चढवलेला. तशी भिंत खरी, हरीण चढवलेलं.

कवडी:
'अध्यारोप' वाचून लोक आल्या पावली परत जातील. सरळ 'मयसभा' म्हणा, सगळ्यांना कळतं.

रज्जुसर्प:
मयसभेत फसगत आहे हो. पाणी खरंच होतं, दुर्योधनाला जमीन वाटली म्हणून तो पडला. इथे फोन खाली केला की हरीण नाही, हे पोरांना पक्कं ठाऊक असतं आणि तरी ती त्याच्यामागे धावतात. (लिहिता लिहिता लक्षात आलं, हाच आक्षेप माझ्या सापालाही लागू आहे. तो खरा वाटतो म्हणून तर माणूस घाबरतो. 'अध्यारोप' मागे घेतो.)

पूर्वेकडची:
सिंगापूरच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१६ पासून असंच एक दालन होतं. विल्यम फार्कर या ब्रिटिश अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात चिनी चित्रकारांकडून काढून घेतलेली ४७७ निसर्गचित्रं तिथल्या संग्रहात आहेत. त्यातली ६९ जपानच्या टीमलॅब या कलाकारांच्या गटाने हलती केली. मी भाचीला घेऊन गेले होते. अंधारात भिंतीवरून टॅपिर चालला होता, अर्धा काळा, अर्धा पांढरा. तिने फोन रोखला, पकडला, आणि चक्क खाली बसून त्याची माहिती वाचली. एरवी ही मुलगी काचेच्या कपाटासमोर दोन मिनिटं थांबत नाही. तंत्राचं नाव तिने विचारलं नाही, मलाही सांगावंसं वाटलं नाही.
बाकी, शब्द तुमच्या प्रश्नातच आहे की. 'टिपणे'. पक्षी दाणा टिपतो, शिकारी सावज टिपतो, कॅमेरा क्षण टिपतो, विद्यार्थी मुद्दे टिपून घेतो. तुमच्या खेळात यातलं बहुतेक सगळंच चाललंय.

कवडी:
मान गये. 'शिकार करा' लिहिलं असतं तर पहिली तक्रार माझीच आली असती.

पाटीवाला:
ठरलं. मोठ्या अक्षरांत 'चला, प्राणी टिपूया', खाली बारीक 'मिश्र वास्तवावर आधारित खेळ'. ते बारीक अक्षर पैसे देणाऱ्यांसाठी.
आईला दाखवलं. 'टिपूया' तिला आवडलं. मग चष्मा वर करून विचारते, "आणि पुढचा खेळ कितीला आहे?"