मदत हवी आहे: जाळीतून पाणी वर येतंय, तातडीचं

तुंबलेला_प्राणी
तिसरा दिवस. पावडर टाकून झाली, उकळतं पाणी ओतून झालं, प्लंजर मारून खांदा गेला. बेसिन जरा मोकळं होतं आणि दोन तासांत पुन्हा गुडगुड. आता बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी वर येतंय. सगळ्यात जालीम पावडर कोणती एवढंच सांगा. प्लंबरला बोलवायचं असतं हे मलाही माहीत आहे.

मोरीवाले_काका
कुठलं बेसिन? स्वयंपाकघरातलं की हात धुवायचं? मजला कितवा? जाळीतून पाणी येतं ते बेसिन सोडल्यावर की कमोड फ्लश केल्यावर? काहीच न सांगता औषध मागताय.

शंभरनंबरी
खायचा सोडा आणि व्हिनेगर. अर्धा तास झाकून ठेवा, वरून गरम पाणी. आमच्याकडे दहा वर्षं हेच चालू आहे.

नळकांडे
म्हणजे दहा वर्षं नीट तुंबलेलंच नाही. दोन्ही एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. फेस बघून बरं वाटतं, इतकंच.

शंभरनंबरी
अनुभव सांगितला. केमिस्ट्रीचा तास घ्यायचा असेल तर वेगळा धागा काढा.

तुंबलेला_प्राणी
स्वयंपाकघरातलं. तळमजला. फ्लश केला की जाळी उसळते, बेसिन सोडलं तरी थोडं येतंच. त्याने काय फरक पडतो?

मोरीवाले_काका
त्यानेच पडतो. दोन्हीकडचं पाणी एकाच जाळीतून वर येतंय म्हणजे बोळा बेसिनखाली नाही, दोन्ही लाइनी एकत्र होतात त्याच्या पुढे आहे. जाळी सगळ्यात खाली, म्हणून पाणी तिथून तोंड काढतं. बाहेरच्या पहिल्या चेंबरचं झाकण उघडा. तुडुंब असेल तर चोकअप चेंबरच्या पुढे, कोरडं असेल तर घर आणि चेंबरच्या मध्ये. उघडा म्हटलंय, आत उतरू नका, डोकंही घालू नका. हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि तो जास्त झाला की नाकाला वास यायचाच बंद होतो.
घरात लहान मूल आहे का?

तुंबलेला_प्राणी
आठ महिन्यांचं आहे. त्याचा काय संबंध??

नळकांडे
वाइप्स कमोडमध्ये टाकता का?

तुंबलेला_प्राणी
टाकतो, पण पाकिटावर 'फ्लशेबल' लिहिलंय. आणि तेल विचाराल तर तळणाचं तेलसुद्धा आम्ही कडकडीत पाणी सोडूनच ओततो, थंड पाण्याने नाही.

नळकांडे
घ्या, दोन्ही सापडले. एका बरणीत पाणी घेऊन टॉयलेट पेपर टाका, दुसरीत वाइप, आणि हलवा. पेपरचा लगदा होईल, वाइप तस्साच राहील. बऱ्याच वाइप्समध्ये पॉलिएस्टरसारखे प्लॅस्टिकचे धागे असतात. कडकडीत पाण्याने तेल नाहीसं होत नाही, पुढे जाऊन निवतं आणि तिथे थिजतं. त्यातली फॅटी ॲसिड्स पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून न विरघळणारा साबण बनवतात. वाइप्स अडकले की हा साबण त्यांच्यावर गिलाव्यासारखा बसत जातो. तुमच्या पावडरीने असा बोळा सुटत नाही. कास्टिकची होती का?

जुनी_खिडकी
जाळीतून वास येत असेल तर ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या पाइपातलं, पाणी आटलेलं असतं. रोज तांब्याभर पाणी ओता, आमचा वास तसाच गेला.

मोरीवाले_काका
ताई, त्यांच्या जाळीत पाणी कमी नाहीये हो.

अवांतर_राव
अवांतर: २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात असाच गोळा सापडला होता, सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन. फॅटबर्ग म्हणतात. पुढच्या वर्षी त्याचा तुकडा चक्क संग्रहालयात मांडला.

शंभरनंबरी
तिकडेही कुणी सोडा वापरला नसणार.

तुंबलेला_प्राणी
कास्टिकचीच. दोन डबे. चेंबर कोरडं आहे. ॲसिड टाकू का वरून?

नळकांडे
नाही! कास्टिकवर ॲसिड पडलं की उकळून तोंडावर उडेल. ब्लीचही नको, ॲसिड आणि ब्लीचचा क्लोरीन होतो. चेंबरच्या बाजूने स्प्रिंग, म्हणजे प्लंबरची पाइपात फिरवायची लांब तार, घालून घ्या, आणि जो येईल त्याला आधी सांगा की आत कास्टिक आहे. बिचाऱ्याचे हात भाजतील.

तुंबलेला_प्राणी
झालं. सांगितलं म्हणून तो लांब हातमोजे घालून आला. स्प्रिंगला हातभर लांब करडा पीळ गुंडाळून आला, वरून मेणबत्तीसारखा पांढरट थर. नखाने खरवडला तर आत वाइपची निळी किनार अजून छापल्यासारखी. फ्लशेबलवाल्यांना काय म्हणावं. जाळी शांत आहे.
एकच राहिलं: परवा बेसिनखालचा पाइप मीच खोलला होता. परत बसवला तर एक वॉशर उरलाय. कुठला असेल?

मोरीवाले_काका
कुठल्या जोडातला? गोल की निमुळता? फोटो टाका हो.