ब्लेंडेड स्कॉच म्हणजे भेसळ असते का?

चांदणवेल (पुणे) यांचा प्रश्न

गेली पंधरा-सोळा वर्षे मी दर शनिवारी संध्याकाळी खाऱ्या शेंगदाण्यांसोबत टीचर्स हायलँड क्रीम या ब्लेंडेड स्कॉचचे दोन छोटे पेग घेत आलो आहे. मध्यंतरी परदेशातून आलेल्या भाच्याने सिंगल माल्टची (एकाच भट्टीतल्या माल्ट व्हिस्कीची) एक बाटली भेट दिली आणि देताना म्हणाला, "मामा, आता तरी ते भेसळीचं पिणं सोडा." माल्ट उत्तम होती, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मात्र तिसऱ्या शनिवारी मी पुन्हा जुन्या बाटलीकडे वळलो, कारण माल्ट पिताना प्रत्येक घोटाकडे लक्ष द्यावे लागत होते आणि समोर बसलेल्या मित्राचे बोलणे निसटत होते.

ब्लेंडमध्ये माल्टसोबत जी ग्रेन व्हिस्की घालतात, ती केवळ किंमत उतरवण्यासाठी घालतात का? तसे असेल, तर इतकी वर्षे बाटलीमागून बाटली एकच चव कशी लागते? की ती माझ्या जिभेला लागलेली सवय आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

पिंपळपार यांचे उत्तर

आपल्या भाच्याचा आरोप नवा नाही. तो लंडनच्या न्यायालयात रीतसर लढवला गेला आहे. 1905 साली लंडनच्या इस्लिंग्टन भागातील नगर परिषदेने काही दारूविक्रेत्यांवर खाद्यपदार्थांतील भेसळीच्या कायद्याखाली खटले भरले. ग्राहकाने व्हिस्की मागितली असता त्याला कॉलम स्टिलमध्ये (उंच स्तंभांच्या भट्टीत) काढलेल्या धान्याच्या मद्यार्काचे पेय देणे ही फसवणूक आहे, असे परिषदेचे म्हणणे होते. दंडाधिकाऱ्यांनी ते मान्य केले आणि ब्लेंडच्या धंद्यातील बड्या मंडळींचे धाबे दणाणले. अखेर 1908 मध्ये 'व्हिस्की म्हणजे काय' हे ठरवण्यासाठी शाही आयोग नेमावा लागला आणि त्याने 1909 च्या अहवालात ग्रेन व्हिस्कीही व्हिस्कीच, असा निर्वाळा दिला. (आयोगाच्या निर्वाळ्याने कोणत्याही बाटलीची चव सुधारली नसणार, हा भाग वेगळा.)

आता ग्रेनविषयी. माल्ट व्हिस्की केवळ मोड आणलेल्या बार्लीपासून बनते आणि तांब्याच्या हंड्यांत एकेका खेपेने काढली जाते. ग्रेन व्हिस्कीत थोडी मोडाची बार्ली आणि बाकी गहू किंवा मका असतो आणि ती उंच स्तंभांतून अखंड वाहती काढली जाते. हे यंत्र सुधारून त्याचे पेटंट 1830 मध्ये घेतले ते इनिअस कॉफी या माजी आयरिश अबकारी अधिकाऱ्याने. त्याच्या देशातील नामांकित भट्टीवाल्यांनी त्याकडे पाठ फिरवली आणि स्कॉटलंडच्या लोकांनी मात्र ते उचलले. ग्रेनचा मद्यार्क हलका असतो, पण निर्गुण नसतो. तो 94.8 टक्क्यांपेक्षा कमी तीव्रतेवरच काढावा लागतो, म्हणजे धान्याचा गंध त्यात उरतो, आणि माल्टप्रमाणेच तोही स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे ठेवावा लागतो. आपल्याकडील अनेक स्वस्त व्हिस्कींत उसाच्या मळीचा मद्यार्क असतो. तो डोळ्यांसमोर ठेवून ग्रेनविषयी मत बनवले, तर ग्रेनवर अन्याय होतो.

बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या जुन्या पिंपात मुरलेल्या ग्रेनमध्ये व्हॅनिला आणि ओल्या खोबऱ्यासारखा गोडवा उतरतो. ब्लेंडमधील जड माल्ट एकमेकांच्या अंगावर येतात, तेव्हा त्यांच्यामध्ये जागा करून देण्याचे काम हा गोडवा करतो. किंमत उतरते हे खरेच आहे, परंतु तेवढ्यासाठीच ग्रेन घातली जाते, हे म्हणणे अपुरे आहे.

ही कला वाढली ती किराणा दुकानांत, हे मला फार बोलके वाटते. किलमारनॉकचा जॉन वॉकर आणि ॲबरडीनचे चिव्हास बंधू हे मुळात किराणा व्यापारी होते. वाण्याच्या दुकानात चहाचे मिश्रण करण्याची रीत होतीच. तोच हात व्हिस्कीकडे वळला. आपल्याकडे चहाच्या दुकानात मालक घरातल्यांची आवड विचारून ममरी आणि डस्ट यांचे प्रमाण ठरवतो आणि पुढच्या महिन्यात बागेचा माल बदलला तरी आपल्या कपातली चव बदलू देत नाही. त्याला आपण भेसळ म्हणत नाही. एडिनबरोच्या अँड्र्यू अशरने 1853 च्या सुमारास वेगवेगळ्या वयांच्या माल्ट एकत्र करून विकल्या आणि 1860 च्या कायद्याने कर भरण्यापूर्वीच माल्ट व ग्रेन मिसळण्याची मुभा दिली. पुढे कीड लागून फ्रान्सचे द्राक्षमळे उजाड झाले, ब्रँडीचा तुटवडा पडला आणि रिकाम्या झालेल्या पेल्यांत ब्लेंड जाऊन बसली.

उत्तरवारा (एडिनबरो) यांचे उत्तर

माझ्या नोकरीचा व्हिस्कीशी काहीही संबंध नाही, परंतु या शहरात गॉर्गी भागातून जाताना शिजणाऱ्या धान्याचा वास आला नाही असे क्वचितच होते. तो नॉर्थ ब्रिटिश या ग्रेन डिस्टिलरीचा. ती 1885 मध्ये उभारणाऱ्यांत वर उल्लेख आलेल्या अशर घराण्यातले अँड्र्यू अशर होते आणि 'व्हॅट 69' काढणारे सँडरसनही होते. ब्लेंड करणाऱ्यांनी चांगली ग्रेन मिळावी म्हणून स्वतःची भट्टी घातली, ही गोष्ट आपल्या भाच्याला अवश्य सांगावी.

चव एकसारखी कशी राहते, हा आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शेजारी-शेजारी ठेवलेल्या, एकाच दिवशी भरलेल्या दोन पिंपांतील व्हिस्कीसुद्धा बारा वर्षांनी सारखी नसते. म्हणून ब्लेंडरचे, म्हणजे मिश्रण जुळवणाऱ्याचे, काम ठरलेली पाककृती गिरवण्याचे नसते; घटक सतत बदलत असताना परिणाम जागचा हलू न देण्याचे असते. ही व्यक्ती व्हिस्की फारशी पीत नाही, हुंगते. नमुन्यात पाणी घालून मद्यार्क 20 टक्क्यांच्या आसपास आणायचा, म्हणजे नाक बधिर होत नाही आणि दडलेले दोषही वर येतात. धुरकट, फळांच्या वासाची, मधाळ, शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातली असे मालाचे गट मनात असतात. एका भट्टीचा माल कमी पडला, की त्याच गटातला दुसरा घ्यायचा आणि त्यामुळे बिघडलेला तोल तिसऱ्याने सावरायचा. 1983 मध्ये आयला बेटावरची पोर्ट एलन आणि उत्तरेकडची ब्रोरा या भट्ट्या बंद पडल्या, तेव्हा त्यांच्यावर विसंबलेल्या ब्लेंडरांना हेच करावे लागले असणार. बाजारात एकमेकांशी भांडणाऱ्या कंपन्या या कामासाठी आपापसांत पिंपांची देवाणघेवाण करतात, हेही बाहेर फारसे ठाऊक नसते.

आपल्या टीचर्सविषयी एक सांगतो. तिच्यात जो पुसट धूर आहे, तो प्रामुख्याने आर्डमोर या माल्टचा आहे. ही भट्टी टीचर कुटुंबाने 1898 मध्ये याच ब्लेंडसाठी बांधली आणि तिथे बार्ली वाळवताना पीटचा (दलदलीतील कुजलेल्या वनस्पतींच्या इंधनाचा) धूर देण्याची जुनी पद्धत टिकून राहिली. एक छोटा पेग घ्या, तेवढेच साधे पाणी घाला, ग्लासवर बशी झाकून पाच मिनिटे थांबा आणि मग नाक लावा.

रोखठोक यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे वाचनीय आहेत, पण ब्लेंडची बाजू जरा जास्तच उचलून धरली गेली आहे, असे माझे मत आहे. स्वस्त ब्लेंडमध्ये कोवळी ग्रेन भरपूर असते आणि ती नुसती प्यायली तर घशाला चटका बसतो. त्याला तोल म्हणत नाहीत. बाटलीवर वर्षे लिहिलेली असतील, तर तो आकडा आतील सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचा असतो. आकडाच नसेल, तर तीन वर्षांपलीकडे कसलेही आश्वासन नाही. रंगावरून तर काहीच ठरवू नये, कारण साधा कॅरॅमल रंग मिसळण्यास कायद्याने परवानगी आहे, आणि माल्टलासुद्धा ती आहे.

भारतात भरलेल्या स्कॉचबद्दल काही मंडळी नाक मुरडतात, ते मात्र बिनबुडाचे आहे. सिंगल माल्टची बाटली 2012 पासून स्कॉटलंडमध्येच भरावी लागते, परंतु ब्लेंड मोठ्या टाक्यांतून बाहेर पाठवता येते. लाकडी पिंपातून पाठवण्यास बंदी आहे, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात ती पुढे मुरण्याचा प्रश्नच येत नाही. इथे पाणी घालून तीव्रता सहसा 42.8 टक्क्यांवर आणतात. परदेशातील बाटलीत ती बहुधा 40 टक्के असते आणि बाटलीही 750 ऐवजी 700 मिलिलिटरची असते. त्यामुळे 'बाहेरची' महाग घेऊन आपण नेमके काय कमावतो, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. माझ्यापुरते सांगायचे, तर बारा वर्षांची ब्लेंड मी पाहुण्यांसाठी ठेवतो आणि एरवी सोड्यात घालण्यासाठी आपल्यासारखीच टीचर्स आणतो.

चांदणवेल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बशीचा प्रयोग काल केला. पहिल्यांदा धूर आला, विझलेल्या चुलीजवळ बसल्यासारखा, आणि तो ओसरल्यावर मध. इतक्या वर्षांत हा वास मला कधीच आला नव्हता, कारण मी ग्लास भरून बर्फ घालत होतो. मग भाच्याची माल्टही तशीच झाकून हुंगली. तिच्यात पिकलेल्या नाशपतीचा वास इतका पुढे आला, की त्यामागे दुसरे काही शोधता येईना. तीही आवडलीच, पण शेंगदाण्यांबरोबर ती जात नाही. सोड्यात धूर टिकतो का, एवढेच आता विचारायचे आहे.

उत्तरवारा

टिकतो, किंबहुना बुडबुड्यांबरोबर तो आधी नाकाशी येतो. सोडा आणि ग्लास दोन्ही आधीच फ्रिजमध्ये गार करून घ्या, म्हणजे बर्फ वितळून पेय पाणचट होणार नाही. एका भागाला तीन भाग सोडा पुरे, आणि तो ग्लासच्या कडेने हळू ओतावा.