मदत हवी आहे: नोटीस लागण्याआधी अब्बांना कसं सांगू?

नमस्कार. मी कुर्ल्याची, कोकणी मुस्लिम, गाव खेडकडचं. तो लालबागचा, हिंदू. मी २८, तो ३०. धर्म कुणीच बदलायचा नाही, हे आमचं पक्कं आहे. म्हणजे निकाह नाही, कारण मुस्लिम मुलीचा हिंदू मुलाशी निकाह शरियतला मान्य नाही. हिंदू विवाह कायद्याला दोघेही हिंदू लागतात. उरतो १९५४चा विशेष विवाह कायदा.

वाचून एवढं कळलंय की दोघांपैकी एक जण जिथे निदान ३० दिवस राहतोय, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. ३० दिवसांत हरकत आली नाही तर तीन साक्षीदारांसमोर लग्न. आता कुर्ला पडतं उपनगर जिल्ह्यात, लालबाग शहर जिल्ह्यात. लालबागच्या पत्त्यावर नोटीस दिली तरी माझ्या बाजूलाही लागते का? माझी झोप याच प्रश्नाने उडाली आहे. आमच्या गल्लीतलं कुणीतरी तो कागद वाचेल, फोटो काढेल आणि अब्बांना माझ्याआधी दुसऱ्याकडून कळेल.

तो आमच्या घरी येतो, मित्र म्हणून. अम्मी सांदणं करते तेव्हा त्याचा डबा आठवणीने काढून ठेवते. पण परवा नात्यातल्या एका मुलीच्या अशाच लग्नाचा विषय निघाला आणि अब्बा ताटावरून उठले. त्याच्या आईला सगळं माहीत आहे. अंतरपाट धरून मंगलाष्टका तेवढ्या होऊ देत, एवढंच त्यांचं मागणं. माझी काही हरकत नाही, पण अब्बांना तेच सगळ्यात जास्त लागेल.

असं लग्न केलेलं कुणी आहे का इथे? घरी नोटिशीआधी सांगितलंत की नंतर? वडिलांच्या नकाराने अर्ज अडतो का?

प्रतिसाद:
ताई, मी हिंदू, नवरा मुस्लिम, लग्न याच कायद्याने. तुमचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत तिकडेही जाते आणि लागते. दोन्हीकडे लागणार असंच धरून चाला. घरी पत्र पाठवावं असं मात्र कायदा सांगत नाही. हरकत घेता येते ती वय, आधीचा जिवंत जोडीदार, मानसिक अवस्था, निषिद्ध नातं यांवरच. वडिलांना पसंत नाही, हे कारण तिथे चालत नाही. नोटीस तीन महिनेच टिकते, तेवढ्यात लग्न उरका. अंतरपाट नंतर खुशाल धरा, कायद्याचं लग्न ते कार्यालयातलं.

एक गोष्ट त्याच्या घरी आधीच बोलून घ्या. कलम १९ प्रमाणे तो एकत्र कुटुंबातून विभक्त धरला जातो. हिस्सा बुडत नाही, पण गावची जमीन सामाईक असेल तर नंतर गैरसमज होतात. तुम्ही धर्म बदलत नाही, त्यामुळे अब्बांकडचा तुमचा वारसा मुस्लिम कायद्याप्रमाणे तसाच राहतो. तुमच्या दोघांच्या मागे जे राहील त्याला १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो.

घरी मी नोटिशीनंतर सांगितलं. बाबांनी जावयाला कधी अंतर दिलं नाही, पण "मला शेजाऱ्याकडून कळलं" हे ते अजून बोलतात. तुम्ही आधी सांगा. एकटीने नको, अब्बा ज्यांचं ऐकतात असं कुणीतरी सोबत घ्या.

मूळ लेखिका:
मनापासून आभार ताई. मोठ्या मामूंचं ते ऐकतात. उद्या आधी मामूंकडे जाते. अब्बांशी बोलणं होईपर्यंत अर्ज भरायचा नाही, हे त्यालाही आत्ताच कळवलं.