मदत हवी आहे: कौलारू घर पाडलं, आता चिमण्यांसाठी परसात पेट्या कशा लावू?

परसदार:
वाईतलं आमचं जुनं कौलारू घर पाडून यंदा स्लॅबचं बांधलं. जुन्या घरात चिमण्या आढ्याजवळ, वाशांच्या फटींत, माजघरातल्या तसबिरींच्या मागे घरटी करायच्या. नव्या घराला फट अशी कुठे उरलीच नाही. थवा अजून इथेच आहे, संध्याकाळी कुंपणाच्या मेंदीत जमतो, पण या वर्षी घरटं कुठे दिसलं नाही. "ह्यांनी आता अंडी घालायची कुठं?" असं सासूबाई विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

उन्हाळ्यात बाजारातून एक तयार घरटं आणून शेवग्याला टांगलं. पत्र्याचं छप्पर, पुढे बसायला दांडी, भोक चांगलं मोठं. त्यात साळुंक्यांनी पिल्लं काढली. साळुंकीबद्दल माझी तक्रार नाही, पण चिमण्या त्या बाजूला फिरकल्यासुद्धा नाहीत.

जुन्या घराचे सागवानी वासे आणि फळ्या अजून पडून आहेत. सुतार त्याच लाकडाच्या पेट्या करून द्यायला तयार आहे, फक्त "मापं सांगा" म्हणतो. मागची भिंत पश्चिमेची, तिच्यावर पावसाळाभर झड असते. पूर्वेला स्वयंपाकघराच्या खिडकीवर छज्जा आहे. पुढच्या पडवीत पंखा आहे. कुठे लावू? आत गवत घालायचं का? साफसफाई कधी करायची? आणि साळुंक्यांच्या पेटीचं काय करू? ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

सुतारपक्षी:
ताई, सगळं त्या भोकावर ठरतं. चिमणीला ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच पुरतं. सुताराला "दहा सूत" सांगा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), लगेच कळेल. एवढ्या भोकातून साळुंकी आत जाऊ शकत नाही, म्हणजे भांडणाचा प्रश्नच मिटला.

पेटी आतून सहा इंच लांब-रुंद, दहा इंच उंच. भोकाची खालची कड तळापासून पाच-सहा इंच वर हवी, नाहीतर पिल्लं वेळेआधी बाहेर पडतात आणि मांजराचा पंजा आत पोचतो. फळी पाच-सहा सूत जाड ठेवा, पातळ प्लायवूड तापतं आणि पावसात फुगतं. पुढची फळी आतल्या बाजूने रंधा मारून गुळगुळीत करू नका, पिल्लांना चढायला खरबरीत लाकूड लागतं. तळाच्या चारही कोपऱ्यांत दोन सुताची भोकं पाणी निथळायला, आणि छपराखाली दोन बारीक भोकं हवेला. छप्पर पुढे दोन इंच आलेलं हवं. एक बाजू स्क्रूने उघडता यावी, नाहीतर साफ कशी करणार?

दांडी अजिबात नको. चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याला मात्र तिथे बसून आत चोच घालता येते. आतून रंग, वॉर्निश काही नको. गवतही घालू नका, ते काम त्यांचं त्यांना करू द्या. परसात सुकलेलं गवत, काथ्याचे तुकडे पडलेले असले की झालं. नायलॉनची दोरी आणि पतंगाचा मांजा मात्र उचलून टाका, पिल्लांचे पाय अडकतात.

खानदेशी_ऊन:
मी जळगावचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ च्या वर जातो, म्हणून पत्र्याबद्दल कळकळीने सांगतो. पत्र्याच्या छपराखाली दुपारी आत भट्टी होते आणि अंगावर पिसं नसलेली पिल्लं त्यात जगत नाहीत. वाईत ऊन एवढं नसेल, तरी तयार घरट्याचा पत्रा काढून फळी ठोका. पेटीचं तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. तुमच्या छज्जाखालची जागा मला सगळ्यांत चांगली वाटते: सकाळचं कोवळं ऊन मिळेल, दुपारी सावली, आणि नैऋत्येची झड तिथपर्यंत येणार नाही. पडवीत पंखा असेल तर तिथे नकोच. पंख्याने मेलेल्या चिमण्या मी पाहिल्या आहेत.

मेंदीचं_कुंपण:
एकच पेटी लावू नका. चिमणी शेजार धरून राहणारी आहे. छज्जाखाली तीन पेट्या ओळीने, दोन-दोन फुटांवर लावल्या तरी चालतात. जमिनीपासून आठ-दहा फूट उंची ठेवा. साळुंक्यांची पेटी फेकू नका, ती परसाच्या दुसऱ्या टोकाला हलवा. साळुंकी इथलीच आहे, तिलाही जुन्या झाडांच्या ढोल्या उरलेल्या नाहीत.

पेटीइतकंच महत्त्वाचं म्हणजे खाणं, आणि त्याकडे कुणी बघत नाही. दाणे टिपणारी चिमणी पिल्लांना सुरुवातीला किडे-अळ्याच भरवते. वालाच्या वेलावर मावा आला की लगेच फवारा मारू नका, तो त्यांचा डबा आहे. मोठ्यांसाठी बाजरी, तांदळाच्या कण्या. फरसाण, खारट उरलंसुरलं नको. पाण्याला पसरट मातीचं भांडं, इंच-दीड इंच पाणी, रोज बदललेलं. आणि सगळ्या अंगणात पेव्हर ब्लॉक घालणार असाल तर थांबा! चिमण्यांना धुळीत लोळून पिसं साफ करायला कोरड्या मातीचा तुकडा लागतो. मेंदी तर मुळीच काढू नका, तिच्यामुळेच थवा टिकून आहे.

परांची:
मी बांधकामातला माणूस आहे. भिंतींचा बाहेरून गिलावा झालाय का? नसेल तर परांचीची भोकं, म्हणजे बांधकामाच्या मचाणाचे बांबू रोवायला भिंतीत ठेवलेली भोकं, अजून असतील. चिमण्या त्यांत आनंदाने घरटी करतात आणि आपण ती सिमेंटने बुजवतो. छज्जाच्या आडोशाला असलेली एक-दोन ठेवा. आतल्या बाजूने विटेने बंद करायचं, बाहेरून सव्वा इंची भोकाची फळी बसवायची. जाड भिंतीत पेटीपेक्षा जास्त गारवा राहतो. पश्चिमेची मात्र बुजवा, तिथे ओल धरेल.

परसदार:
सगळ्यांचे मनापासून आभार. पूर्वेचा गिलावा व्हायचाच आहे आणि छज्जाखाली अशी दोन भोकं खरंच आहेत! मिस्त्रींना आजच थांबवलं. आता दोन अडचणी. शेजारचं मांजर कुंपणाच्या भिंतीवरून खिडकीच्या ग्रिलवर उडी मारतं. आणि साफसफाईचं कुणी नीट सांगितलं नाही.

सुतारपक्षी:
मांजर जिथून उडी मारू शकतं त्या भिंत-ग्रिल-फांदीपासून पेटी पाच फूट तरी लांब हवी. ग्रिलच्या बरोबर वर नको, छज्जाच्या दुसऱ्या टोकाला घ्या.

साफसफाई वर्षातून एकदा. चिमण्या एकाच घरट्यात एकामागून एक विणी काढतात, त्यामुळे पिल्लं उडाली म्हणून लगेच घरटं काढू नका. दसरा-दिवाळीच्या मधे, आपण घर झाडतो तेव्हा, चार-पाच दिवस लक्ष ठेवून आत कुणी नाही याची खात्री करा. मग तोंडाला रुमाल, हातात मोजे, जुनं गवत थोडं ओलं करून काढायचं. पेटीत उकळतं पाणी ओतायचं आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवायची. फिनाइल, डांबराच्या गोळ्या, झुरळांचा फवारा यातलं काहीही नको. साळुंक्यांचं घरटंही आत्ताच असं साफ करून घ्या.

मेंदीचं_कुंपण:
पिल्लू खाली पडलं तर काय, हेही आत्ताच माहीत असू द्या. अंगावर पिसं नसतील तर उचलून सरळ पेटीत ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हे खरं नाही. पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू असेल तर मेंदीत उंचावर ठेवून मांजर हाकलत राहा, आईबाप येऊन भरवतात.

परसदार:
पेट्या लावायच्या कधी? २० मार्चच्या चिमणी दिनापर्यंत थांबू का?

खानदेशी_ऊन:
नको, तेव्हा उशीर होतो. तो दिवस २०१० पासून पाळला जातो, नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारामुळे, आणि त्याने बरेच लोक जागे झाले. पण मार्चपर्यंत बहुतेक जोड्यांनी जागा धरलेल्या असतात. संक्रांतीच्या आत पेट्या भिंतीवर असू द्या, म्हणजे त्यांना येऊन-जाऊन पाहायला वेळ मिळेल. पहिल्या वर्षी रिकाम्या राहिल्या तरी जागा बदलू नका. नर भोकाशी बसून चिवचिव करायला लागला की समजा, त्याने पेटी धरली. त्यानंतर उघडून बघायचं नाही.

परसदार:
सुताराला मापं देऊन आले. तीन पेट्या चिमण्यांना, आणि साळुंक्यांच्या घरट्याला सागवानी छप्पर. मागच्या कोपऱ्यातली मातीही तशीच ठेवायला सांगितली आहे.